न दिलेल्या औषधाचा गुण

१

औषध चोरीला गेलं असतं, तर एक वेळ बरं होतं. चोर शोधायचा, बाटली शोधायची, प्रकरण मिटलं. इथे औषध जागच्या जागी होतं. कुलूप शाबूत, बाटल्या शाबूत, आतला थेंबही हललेला नाही. आणि ज्यांना ते औषध कुणी दिलंच नव्हतं, ते ठणठणीत बरे झाले होते.

"मावशी, चमत्कार म्हणायला माझी ना नाही," संचालक कपाळ चोळत म्हणाले. "पण अहवालात चमत्काराचा रकाना नाही."

"नसू दे. देवाला तरी सही करायची कुठे हौस आहे?" मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यापासून सांग. मी आपली गुराढोरांची डॉक्टर. मला कळेल असं सांग."

मावशी म्हणजे निवृत्त पशुवैद्य. हयात गेली ती अडलेल्या गाई सोडवण्यात आणि चावऱ्या कुत्र्यांना गोंजारण्यात. निवृत्तीनंतर या रोगसंशोधन संस्थेने त्यांना प्राण्यांची हेळसांड होत नाही ना, हे पाहण्याच्या समितीवर घेतलं, आणि संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी झाल्या. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. मुकं जनावर बोलत नाही, त्याचं आधी बघावं लागतं. माणूस बोलतो, म्हणून त्याचं जास्तच बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

संचालकांनी सांगितलं ते असं. विषय कंपवाताचा. हात थरथरतात, पाय ओढत चालावं लागतं, आवाज बसतो, तो आजार. त्याची सुरुवात मेंदूत होते असं सगळे धरून चालले होते. अलीकडे मात्र संशोधकांना शंका येऊ लागली आहे, की काही रोग्यांत तरी पहिली ठिणगी आतड्यात पडत असावी. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी निरोगी आतड्यातला एक जिवाणू निवडला होता. कंप असलेल्या उंदरांना तो जिवंतच पेजेतून पाजायचा. डाव्या मांडणीवरच्या पिंजऱ्यांना जिवाणूची पेज, उजव्या मांडणीवरच्यांना साधी पेज. डावे सुधारले आणि उजवे तसेच राहिले, तर श्रेय औषधाचं.

"डावे सुधारले," संचालक म्हणाले. "बाई नाचायच्याच बाकी होत्या. आणि मग पाठोपाठ उजवेही सुधारायला लागले."

"म्हणजे कुणीतरी त्यांनाही चोरून पाजलं."

"आकडेशास्त्री तेच म्हणतोय. तक्रार त्याचीच आहे. अन् संशय..." संचालक जरा अडखळले. "चिमणीवर. उंदरांची चाल मोजायचं काम तिचं. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे. वडिलांना हाच आजार. आणि रोज संध्याकाळी पिंजऱ्यांच्या खोलीत ती दार लावून बसते. कशाला, विचारलं तर सांगत नाही."

"आणि तिने केलं असं ठरलं तर?"

"आज संध्याकाळच्या बैठकीत तिला काढावं लागेल. असा डाग लागलेल्या मुलीला पुढे कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही, मावशी. घर तिच्या पगारावर चाललंय."

मावशी उठल्या. संध्याकाळ फार लांब नव्हती.

२

पिंजऱ्यांच्या खोलीत ऊबदार, किंचित आंबूस वास होता. मावशींनी तो छातीभर घेतला. कुणी अत्तराच्या दुकानात घेईल तसा. खोलीची निगा राखणारे दादा कमरेला रुंद पट्टा बांधून उभे होते.

"या मावशी. नमस्कार वाकून करता येत नाही, उभ्यानेच घ्या."

"काय झालं कमरेला?"

"दगा दिला. बरेच दिवस आडवा होतो. साहेबांनी बदली माणूस धाडला, तर त्याला उंदरांची शिसारी! दोन-तीनदा आला आणि गायब."

"मग पिंजरे कोण साफ करत होतं?"

"खालच्या ओळी चिमणीताईंनी केल्या. बुटक्या ना त्या, वरच्यांना हात पुरत नाही. वरच्या कुणी केल्या देव जाणे. ताई म्हणतात, सुटीच्या दिवसानंतर त्या यायच्या तर वरचे पिंजरे लख्ख! त्यांना वाटलं, बदलीवाला येऊन गेला. तो तर शपथ घेऊन सांगतो, मी फिरकलोच नाही."

मावशींनी हुंकार दिला. "कुठले कुठले बरे झाले, दाखवा बरं."

दादांनी बोट फिरवलं. डाव्या मांडणीवरचे सगळे. उजवीकडच्या वरच्या ओळींतले. सगळ्यात खालच्या ओळीतले उंदीर मात्र अजून थरथरत होते. एक तर चालता चालता कलंडला आणि जणू आपण मुद्दामच बसलो अशा थाटात बसून राहिला.

"हे तुमच्या साहेबांनी मला सांगितलं नाही," मावशी म्हणाल्या.

"साहेब सरासरी बघतात हो. खाली वाकून कोण बघतंय?"

प्रत्येक पिंजऱ्यात कागदाच्या बारीक पट्ट्या होत्या, उंदरांना घरटं विणायला. डावीकडे तपकिरी, उजवीकडे पांढऱ्या. ती दादांची युक्ती होती; कागद एकच, रंग तेवढे वेगळे, म्हणजे धुताना पिंजऱ्यांची अदलाबदल व्हायला नको. आणि त्यांची आणखी एक रीत होती. पिंजरा स्वच्छ करताना जुनं घरटं ते सगळं फेकत नसत. आतली मूठभर गादी तशीच नव्या पिंजऱ्यात ठेवायची.

"घर बदललं तरी उशी आपली असली की झोप लागते. माणसाचंही तसंच आहे."

मावशींनी उजवीकडचा वरचा एक पिंजरा उतरवायला लावला. आतलं घरटं सुबक होतं, वाटीसारखं. त्यांनी हातमोजा चढवून अलगद कड उचकटली. बाहेरून पांढऱ्या पट्ट्या. त्याखाली पांढऱ्या. आणि अगदी आत, तळाशी, घट्ट गुंफलेल्या तपकिरी पट्ट्या.

"हा त्या बदलीवाल्याचा घोळ," दादा म्हणाले. "रंग मिसळले गाढवाने."

मावशींनी कड पुन्हा जागच्या जागी दाबली. विचारात असल्या की येई तशी ओठांवर गाण्याची एक ओळ आली, आणि ती तिथेच थबकली. काहीतरी जुळत नव्हतं, किंवा फारच जुळत होतं.

३

बाई खिडकीशी उभ्या होत्या. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"कुणी थोडासा जिवाणू उचलून बाहेर वाढवला असेल का?" मावशींनी विचारलं.

"शक्य नाही. त्याला हवा सोसत नाही. उघड्यावर तो तग धरत नाही. वाढवायची बंद पेटी एकच आहे, ती माझ्या खोलीत. आणि दादा आडवे होते त्या दिवसांत मी परिषदेला गेले होते, खोलीला कुलूप."

"चिमणीबद्दल काय वाटतं?"

बाईंनी गार चहाचा कप बाजूला सारला. "ती खोटं बोलणारी मुलगी नाही. पण बापाचा हात थरथरताना रोज बघायचा... माणूस काहीही करील, मावशी. सगळे उंदीर बरे झाले तर औषध लवकर माणसांपर्यंत जाईल, असं तिला वाटलं असेल."

"उलट झालं की! उजवेही बरे झाले म्हणून तर प्रयोग बुडाला. चाल मोजणाऱ्या मुलीला एवढं कळत नसेल?"

बाईंनी वळून पाहिलं. हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. पण मग कुणी, आणि कसं?

४

आकडेशास्त्री हे काही खरं नाव नव्हे, पण त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. ताडमाड उंच, बोलणं तुटक. त्याचं काम फक्त हिशेब मांडायचं, आणि संस्थेचा नियम असा, की हिशेब मांडणाऱ्याने प्राण्यांना हात लावायचा नाही. कुठला उंदीर कुठल्या बाजूचा हे त्याला कळलं, तर नकळत हिशेब झुकतो म्हणे.

"या, बसा. चहा?" त्याने कप पुढे केला, तो हातरुमालात गुंडाळून. "लवकर गार होतो इथे."

खिडकीतल्या रोपाच्या कुंडीलाही त्याने जुना मफलर बांधला होता. मावशींनी तो पाहिला आणि मनात ठेवला.

"तू तक्रार केलीस."

"करावीच लागली. हे आकडे आपोआप येत नाहीत. आजार असा स्वतःहून मागे फिरत नाही. कुणीतरी हात घातलाय. मला चिमणीशी वैर नाही, पण आकडा म्हणजे आकडा."

बोलताना त्याच्या हातून पेन घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. त्याने पायाने ते जवळ ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा दुसरं उचललं. मावशींना टेबलाखाली आणखी तीन पेनं दिसली.

"गुडघे?" त्यांनी विचारलं.

"वाकणं बंद झालंय. हसू नका."

"हसत नाही रे. माझेही बोलतात, जिना दिसला की." मावशींनी वाकून चारही पेनं उचलून दिली. "मला एक सांग, तुला उंदरांची दया नाही येत?"

"मी त्यांना बघतच नाही. माझ्याकडे येतात ते नुसते आकडे." आणि मग, जरा वेळाने, कपाकडे बघत, "तसे त्यांचे हालच. उजवीकडच्यांना तर घरटंही विणता येत नाही. पंजेच चालत नाहीत. पट्ट्यांचा ढीग समोर, आणि शेजारी कुडकुडत बसतात. आई माझी शेवटी अशीच बसायची, शाल मांडीवर, पण पांघरता यायची नाही."

"तिलाही कंपवात होता?"

"होता." त्याने संगणकावरचा हिशेब पुन्हा उघडला. बोलणं संपलं होतं.

मावशी दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. पाठ फिरवल्यावर कधी कधी आधी ऐकलेलं नीट ऐकू येतं.

५

उन्हं कलली होती. पिंजऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून आवाज येत होता. बाईमाणसाचा, हलका. एक ओळ झाली की शांतता. मग पुन्हा तीच ओळ.

मावशींनी दार ढकललं. चिमणी पिंजऱ्यांकडे पाठ करून स्टुलावर बसली होती, मांडीवर फोन. फोनमधून खरखरीत, विरत चाललेला पुरुषी आवाज देवाचं नाव ओढत आणत होता, विहिरीतून भरलेली घागर काढावी तसा.

"बाबा, मी नंतर लावते हं," ती घाईने म्हणाली आणि उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"बस गं," मावशी म्हणाल्या. "काय चाललं होतं?"

"बाबा जन्मभर देवाची गाणी गायले, मावशी. मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. आता पाणी मागितलं तरी कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज गायला लावा, आवाज टिकतो. घरी आई एकटी, तिला सूर नाही. मग मी इथून एक ओळ म्हणते, ते मागे म्हणतात. इथे फोनला बंदी आहे. सांगितलं असतं तर हेही बंद झालं असतं."

"म्हणून तू चोर ठरणं पत्करलंस?"

"मला वाटलं, न केलेलं कुणाला सापडेल कसं?" तिचे डोळे भरले. "पण सापडतंय की!"

मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वरच्या ओळीतलं घरटं बघायला तुला स्टूल लागतं ना?"

"हो. का?"

"काही नाही. बैठकीला ये. आणि रडून नको येऊस, मला तुझी साक्ष लागणार आहे."

६

बैठकीत संचालक, बाई, आकडेशास्त्री, दादा आणि दाराशी अंग चोरून चिमणी. मावशींनी टेबलावर एक काचेची ताटली ठेवली. तिच्यात ते तपकिरी-पांढरं घरटं.

"कपाटातलं औषध कुणी चोरलं नाही," त्या म्हणाल्या. "हे पहिलं पद. आता निरूपण ऐका. हे घरटं उजव्या बाजूचं. बाहेर पांढरं, म्हणजे नवं. आत तपकिरी, म्हणजे सगळ्यात जुनं. दादा आतली मूठ जपतात, म्हणून ते राहिलं. दादांना वाटलं, बदलीवाल्याने रंग मिसळले. पण पट्ट्या नुसत्या टाकल्या असत्या, तर त्या सुट्या असत्या. या गुंफलेल्या आहेत. चिमणे, हा थर पडला तेव्हा उजवीकडच्या उंदरांना विणता येत होतं का?"

"नाही," चिमणी म्हणाली. "धड उभं राहता येत नव्हतं."

"मग हे विणलं कुणी? डावीकडच्यांनी. बरे झालेल्यांनी. त्यांचं तयार घरटं कुणीतरी उचलून या बिचाऱ्यांना दिलं. आणि उंदराच्या घरट्यात काय असतं, दादा?"

"लेंड्या," दादा म्हणाले.

"आणि उंदीर लेंड्यांचं काय करतात?"

"खातात की. त्यांची रीतच ती."

बाई ताडकन उठल्या. "पण हवेत तो जिवाणू..."

"ताज्या लेंडीच्या आत हवा कुठे असते, बाई? तुमची बंद पेटीच ती. एका पोटातून निघाली, दुसऱ्या पोटात गेली. कपाटाच्या किल्लीची गरजच पडली नाही. खात्री हवी तर उजवीकडच्या वरच्या ओळींतल्या लेंड्या तपासा. तुमचा पाहुणा तिथे सापडेल. खालच्या ओळीत सापडणार नाही."

"खालच्या ओळीत का नाही?" संचालकांनी विचारलं.

"कारण घरटी वाटणाऱ्याला वाकता येत नव्हतं." मावशींचा आवाज उतरला, आजाऱ्याशी बोलावं तसा. "चिमणी बुटकी. तिने वाटली असती तर आधी खाली वाटली असती. बाई कुलूप लावून गेलेल्या, दादा अंथरुणावर. आज मला एकाने सांगितलं, की उजवीकडच्यांना घरटं विणता येत नाही, ते पट्ट्यांशेजारी कुडकुडतात. चिमणे, हे तू मोजतेस का? आकड्यांत येतं का?"

"नाही. आम्ही फक्त चाल मोजतो."

"म्हणजे त्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलं."

संचालकांनी चष्मा काढला. मावशींनी नाव घेतलं नाही. घ्यायचं नव्हतंच त्यांना. गाठ ज्याची त्याने सोडली की दोर कापावा लागत नाही.

आकडेशास्त्री उभा राहिला. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला.

"मी," तो म्हणाला. "बदली माणूस येत नाही कळल्यावर सुटीच्या दिवशी मी जायचो. घाणीत बसले होते ते. हात लावायचा नाही हे मला माहीत होतं, म्हणून बोललो नाही. डावीकडची घरटी फेकायचीच होती. इतकी छान विणलेली... मी उचलून पलीकडे ठेवली. यातून काही होईल, हे माझ्या..." तो थांबला. चिमणीकडे वळला. "आकडे बिघडलेले दिसले तेव्हा मी सगळीकडे चोर शोधला. स्वतःच्या हाताकडे बघितलं नाही. मी तुझं आयुष्य मोडायला निघालो होतो."

७

प्रयोग पहिल्यापासून करावा लागणार होता. बाईंनी हे जाहीर केलं तेव्हा त्यांचा चेहरा मात्र पडलेला नव्हता. एका जनावराला दिलेला गुण दुसऱ्याच्या आतड्यात जाऊन रुजतो, हे त्यांनी कधी तपासायला घेतलं नसतं. आता उंदरांपासून माणसांपर्यंत पोचायला किती अवकाश, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही. आकडेशास्त्रीला नव्या प्रयोगातून बाजूला केलं. त्याने ते मान्य केलं. फोनच्या बंदीबद्दल संचालकांनी खाकरून सांगितलं, की कोपऱ्यातली रिकामी खोली संध्याकाळी कुणी वापरली तर आपल्याला दिसणार नाही, आपला चष्मा जुना आहे.

मावशी बाहेर पडताना त्या खोलीवरून गेल्या. दार अर्धं उघडं होतं. आकडेशास्त्री दाराबाहेर उभा होता, परत पाठवलेल्या पार्सलसारखा.

"मी माफी मागायला आलो होतो," तो आतल्या चिमणीला म्हणत होता. "परत. मघाशी सगळ्यांसमोर होती, ती धरू नकोस."

चिमणी फोन लावत होती. तिने नंबर अर्धवट सोडला.

"सर, मला राग आलाय," ती शेवटी म्हणाली. "तो लगेच जायचा नाही."

"नको जाऊ दे."

"पण बाबांना खालचा सूर लागतो. माझा वरचा आहे, त्यांना पेलत नाही. तुमचा आवाज जड आहे. बसा."

"मला गाता येत नाही."

"त्यांनाही आता येत नाही," चिमणी म्हणाली, आणि पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

मावशी जिन्याशी पोचल्या. मागून आधी एक हलका आवाज आला, मग फोनमधला खरखरता. मग बराच वेळ काही नाही. आणि मग तिसरा. जाडाभरडा, सूर सोडून गेलेला, पण जागेवर ठाम. त्याच्या आधाराने तो फोनमधला आवाज हळूहळू वर चढला, आणि देवाचं नाव या वेळी पूर्ण बाहेर आलं.

मावशींनी कठडा धरला आणि ओळ संपेपर्यंत जिना उतरला नाही.